जुन्या पिकअपची नवी चाके आणि सोसायटीचे कर्ज

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्यातील मजकूर आधी थोडक्यात मांडतो. तासगाव तालुक्यात तुमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे आणि बहुतेक माल बेदाण्याला जातो. २०१२ साली घेतलेला पिकअप हंगामात घरचा माल वाहतो आणि एरवी भाड्याने चालतो. त्याचे टायर गुळगुळीत झाले आहेत. बदलायचेच आहेत तर १५ इंची लोखंडी डिस्क आणि २१५/७५ आर १५ मापाचे टायर काढून १७ इंची मॅग व्हील (मिश्रधातूची चाके) आणि २६५/६५ आर १७ मापाचे रुंद टायर बसवावेत, असा चिरंजीवांचा आग्रह आहे. मिरजेच्या दुकानदाराने चार चाकांचा खर्च १,०५,००० रुपये सांगितला असून त्यात मॅग व्हीलचे ४४,०००, टायरचे ५४,००० आणि फिटिंग व मडगार्डचा पत्रा कापण्याचे ७,००० आहेत. पैसे उभे करण्याचे दोन मार्ग तुम्ही लिहिले आहेत. एक म्हणजे पतसंस्थेचे १४ टक्क्यांचे दोन वर्षांचे कर्ज, आणि दुसरा म्हणजे बेदाण्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशांतून, रक्कम काढून विकास सोसायटीचे २,६०,००० रुपयांचे पीककर्ज चार-सहा महिने उशिरा भरणे. दुकानदाराला ५,००० रुपये इसार देऊन झाला आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मोठी चाके बसवू नका. आरसी बुकावर ज्या मापाची नोंद आहे त्याच मापाचे चार चांगले मालवाहू टायर याच आठवड्यात घ्या, कारण पुढच्या टायरच्या बगलेला भेगा गेल्याचे तुम्हीच लिहिले आहे आणि तशा टायरवर भरलेली गाडी घाटात नेणे जिवावर बेतू शकते. आणि काहीही झाले तरी सोसायटीचे कर्ज मुदतीच्या पुढे जाऊ देऊ नका. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना या दोन्ही मिळून ते कर्ज शून्य टक्क्याने पडते. तुमचे २,६०,००० रुपये या मर्यादेत बसतात, म्हणजे वर्षभर वापरलेल्या पैशावर तुम्हाला व्याजाचा एक रुपयाही द्यावा लागत नाही. मात्र ही सवलत मुदतीत परतफेड करणाऱ्यालाच मिळते. मुदत हुकली की सवलत जाते आणि वर्षाचे व्याज तुमच्या माथी येते. दर ६ टक्के धरला तर १५,६०० रुपये आणि ७ टक्के धरला तर १८,२०० रुपये होतात. त्यावर थकबाकीचे दंडव्याज वेगळे लागते. शिवाय थकबाकीदार म्हणून नाव लागले की पुढच्या छाटणीच्या वेळी नवे कर्ज अडते आणि औषधे, खते, मजुरी यांसाठी दुकानदाराच्या उधारीवर किंवा खासगी सावकाराकडे जावे लागते. चाकांच्या कोटेशनवर ही रक्कम कुठेच लिहिलेली नसते, पण पट्टीतले पैसे चाकांकडे वळवले तर ती तुम्हीच भरणार आहात.

पतसंस्थेचा मार्ग त्या मानाने सरळ आहे, पण तोही स्वस्त नाही. १४ टक्के हा दर घटत्या शिलकीवर असेल तर १,०५,००० रुपयांना दोन वर्षांसाठी महिन्याला सुमारे ५,०४० रुपयांचा हप्ता बसतो आणि एकूण व्याज १६,००० च्या आसपास जाते. परंतु अनेक ठिकाणी हा दर मूळ मुद्दलावर सरसकट लावतात. तसे असेल तर दोन वर्षांचे व्याज २९,४०० रुपये, हप्ता ५,६०० रुपये आणि खरा वार्षिक दर २५ टक्क्यांच्या घरात जातो. कारण दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालू राहते. कोणतेही कर्ज घेताना "दर किती" एवढेच न विचारता "हप्ता किती आणि एकूण किती भरायचे" हे कागदावर लिहून मागा. तो आकडा हाती आला की दराबद्दल वाद उरत नाही.

आता चाकांच्या किमतीकडे वळू. दुकानदाराचे कोटेशन चार चाकांचे आहे, आणि तुमच्या गाडीला पाच चाके लागतात. जुन्या मापाची स्टेपनी नव्या चाकांशी जुळणार नाही. एका बाजूला ७० सेंटीमीटरचे आणि दुसऱ्या बाजूला साडेसत्त्याहत्तर सेंटीमीटरचे चाक लावून, हौद्यात टनभर माल असताना, मागच्या एक्सलवर दहा-वीस किलोमीटर जाणे म्हणजे डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेटीवर) अन्याय आहे. म्हणून पाचवे चाक धरावेच लागेल आणि त्याचे तुमच्याच कोटेशनच्या दराने २४,५०० रुपये होतात. एकूण १,२९,५०० झाले. तुम्ही लिहिता की गावच्या व्यापाऱ्याने गाडीला २,४०,००० रुपये सांगितले आहेत. ज्या गाडीची बाजारात एवढीच किंमत आहे, तिच्यावर त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम आपण लावतो आहोत, आणि गाडी विकताना त्यातला फार थोडा भाग परत येईल. जुना पिकअप घेणारा माणूस इंजिनाचा धूर, चासीचा गंज, हौद्याचा तळ आणि पासिंगची तारीख बघतो. मॅग व्हील बघून तो भाव वाढवत नाही. उलट कापलेले मडगार्ड दिसले की आतल्या बाकीच्या कामाबद्दल त्याला शंका येते.

भाड्याच्या हिशेबाने पाहिले तर हे आणखी स्पष्ट होते. डिझेल आणि देखभाल जाऊन किलोमीटरमागे साधारण ६ रुपये हाती राहतात आणि वर्षाला सुमारे १०,००० किलोमीटर भाडे होते, असे तुम्ही कळवले आहे. १,२९,५०० रुपये भरून काढायला साडेएकवीस हजार किलोमीटर, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ केवळ चाकांसाठी गाडी चालवावी लागेल. त्याच दुकानात आरसीच्या मापाचा मालवाहू टायर ६,८०० रुपयांना असल्याचे तुम्ही लिहिले आहे. चार टायरचे २७,२०० रुपये होतात आणि ते साडेचार हजार किलोमीटरमध्ये निघतात. मोठ्या चाकांमुळे एखादे भाडे जास्त मिळणार असते, किंवा प्रत्येक फेरीला चार क्रेट जास्त बसणार असते, तर मी वेगळा विचार केला असता. पण आरसीवरची वजनाची मर्यादा चाके बदलल्याने वाढत नाही.

आता गाडीच्या अंगाने होणारे परिणाम बघू, कारण शेवटी तेही पैशातच येऊन उतरतात. टायरच्या मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा बगलेची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो आणि तिसरा डिस्कचा व्यास इंचात सांगतो. त्यानुसार तुमच्या सध्याच्या टायरचा एकूण व्यास ७०३ मिलिमीटर आणि चिरंजीवांनी निवडलेल्या टायरचा ७७६ मिलिमीटर येतो. ही वाढ १० टक्क्यांहून थोडी अधिक आहे. हे घरी पडताळून पाहायचे असेल तर टायरवर खडूने एक रेघ मारा, तिथेच जमिनीवर दुसरी रेघ मारा, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी ढकला आणि टेपने अंतर मोजा. नव्या टायरला ते २ मीटर २१ सेंटीमीटरच्या जवळपास भरेल, आणि तुमच्या झिजलेल्या टायरला किंचित कमी भरेल. मोठ्या चाकाला तेच अंतर २ मीटर ४४ सेंटीमीटर येईल.

या २३ सेंटीमीटरमध्ये बरेच काही दडलेले आहे. गाडीचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, अंतर मोजत नाही. मोठ्या चाकांवर मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६६ ने धावत असेल. भाडे तुम्ही मीटरच्या किलोमीटरवर २२ रुपयांनी घेता. वर्षाला प्रत्यक्ष १०,००० किलोमीटर धावल्यावर मीटर सुमारे ९,०६० दाखवेल. म्हणजे ९४० किलोमीटरचे, २०,००० रुपयांहून अधिक भाडे तुम्ही न कळत सोडून द्याल. मीटर दुरुस्त करून घेता येतो किंवा ठरावीक गावांची अंतरे तोंडपाठ असतात, हे मान्य आहे. पण नवे गिऱ्हाईक मीटरकडेच बोट दाखवते, हा तुमचाही अनुभव असेल.

ओढीचे गणितही याच दहा टक्क्यांचे आहे. चाक मोठे झाले की गिअर तेवढाच उंच पडतो, आणि इंजिन तेच राहते. सांगली-तासगाव सपाट रस्त्यावर हे फारसे जाणवणार नाही. पण तुम्ही एप्रिल-मे महिन्यांत चिपळूणहून आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढता, तेव्हा जी वळणे आज दुसऱ्या गिअरमध्ये निघतात तिथे पहिला टाकावा लागेल किंवा अर्धा क्लच दाबून गाडी ओढावी लागेल. चौदा वर्षांच्या गाडीची क्लच प्लेट अशा वेळी आपले आयुष्य लवकर संपवते. उतरताना काळजी आणखी मोठी आहे. ब्रेक तेच, ड्रम तोच आणि चाकाचा व्यास मात्र दहा टक्के जास्त, म्हणजे पाय तेवढाच दाबूनही रस्त्यावर मिळणारी थांबण्याची ताकद सुमारे एक दशांशाने कमी होते. द्राक्षाचे क्रेट भरून कोयनानगर सोडल्यावर घाटाचा जो उतार लागतो, तिथे हा एक दशांश मला तुमच्या किंवा तुमच्या मुलाच्या पायाखालून गेलेला नको आहे. हे मी आर्थिक सल्लागार म्हणून कमी आणि घाटातून नेहमी जाणारा माणूस म्हणून जास्त लिहितो आहे.

डिझेलबद्दल एक अंदाज देतो. घरचे आणि भाड्याचे मिळून वर्षाला १८,००० किलोमीटर आणि ॲव्हरेज १२, असे तुमचे आकडे आहेत. त्यानुसार वर्षाला १,५०० लिटर डिझेल लागते. रुंद आणि जड चाकांमुळे खरे ॲव्हरेज १२ वरून ११ वर आले असे धरले, तर १३६ लिटर जास्त लागतील आणि लिटरला ९० रुपये धरून वर्षाचे १२,००० रुपये वाढतील. तीन वर्षांचा विचार केला तर पाच चाके, पतसंस्थेचे व्याज आणि वाढीव डिझेल मिळून आकडा १,८०,००० च्या पुढे जातो. क्लच, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे यांचा खर्च यात धरलेला नाही.

तो का धरावा लागतो, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या मेहुण्यांनी पलूसला त्यांच्या जुन्या गाडीला अशीच रुंद चाके बसवली होती. दिसायला गाडी खरोखर छान दिसू लागली, त्यात शंका नाही. पण पूर्ण वळण घेताना पुढचा टायर आतल्या पत्र्याला घासायचा आणि त्या जागी रंग जाऊन रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत पत्रा उघडा पडला होता. घासू नये म्हणून चाक बाहेर घेणारे स्पेसर लावले. स्पेसरमुळे भार हबच्या बाहेर गेला आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग वर्षाच्या आत दोनदा बदलावे लागले. दुसऱ्या वेळी मी गॅरेजमध्ये सोबत होतो. मेकॅनिकने बेअरिंगची बाहेरची कडी हातात ठेवली, तेव्हा एका बाजूला निळसर चट्टा पडलेला आणि दुसरी बाजू जवळपास नव्यासारखी होती. भार एकाच कडेला पडत होता, हे सांगायला वेगळ्या माणसाची गरज नव्हती. शेवटी त्यांनी जुन्या डिस्क परत बसवल्या. सुदैवाने त्या त्यांनी भंगारात घातल्या नव्हत्या.

वजनाच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. २६५/६५ आर १७ हा टायर कमकुवत नाही. त्या मापाचे टायर फॉर्च्युनरसारख्या मोठ्या गाडीला येतात आणि भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा बगलेवरचा आकडा) ११२ असेल तर एक टायर १,१२० किलो पेलतो. अडचण मॅग व्हीलची आहे. तुमच्या आरसीवर एकूण वजन २,८५० किलो आहे. भरलेल्या पिकअपचे साठ-पासष्ट टक्के वजन मागच्या एक्सलवर येते, म्हणजे मागच्या प्रत्येक चाकावर ८५० ते ९२५ किलो होतात. बाजारातली पुष्कळ मॅग व्हील प्रवासी गाड्यांसाठी बनवलेली असतात. दुकानात जाल तेव्हा चाक उलटे करून आतल्या बाजूला हात फिरवा; तिथे कमाल भाराचा आकडा उठवलेला असतो. तो ६९० किंवा ७५० असेल तर ते चाक तुमच्या हौद्याखाली चालणार नाही, आणि आकडाच नसेल तर अजिबात घेऊ नये. लोखंडी डिस्क खड्ड्यात आपटली तर वाकते आणि ठोकून सरळ करता येते. मॅग व्हीलला मात्र तडा जाण्याची भीती असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ स्पष्ट केला आहे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत टायरची संख्या, वर्णन आणि आकार यांचीही माहिती असते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते, म्हणजे तुमची गाडी दर वर्षी तपासनिसासमोर उभी राहणार आहे. पासिंगच्या दिवशी जुनी चाके लावून नेऊ, असे दुकानदाराने सुचवल्याचे तुम्ही लिहिले आहे. पासिंग त्याने होईलही, पण बाकीच्या ३६४ दिवसांत अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्वेक्षक उभी असलेली गाडी आरसीशी ताडून पाहतो. न कळवलेल्या बदलामुळे स्वतःच्या नुकसानीचा दावा अडचणीत येतो. त्रयस्थ माणसाला इजा झाली असेल तर त्याला दिलेली भरपाई कंपनीने मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये पॉलिसीच्या अटींचा भंग झाल्यावर देतात. अशा वेळी वसुलीचा डोळा बागेच्या सातबाऱ्याकडे वळू शकतो.

कराच्या बाजूनेही या खर्चाला आधार मिळत नाही. भाड्याचे उत्पन्न तुम्ही आजवर कलम ४४ एई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंदाजित तरतुदीखाली, हलक्या मालवाहू गाडीमागे महिना ७,५०० रुपये या दराने दाखवता. त्या रकमेत टायर, डिझेल आणि घसारा हे सर्व खर्च वजा झाल्याचेच मानलेले असते. त्यामुळे "खर्चात टाकता येईल" हे दुकानदाराचे म्हणणे तुम्हाला लागू पडत नाही. वस्तू व सेवा कराबाबत मात्र एक गोष्ट तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा दर २८ वरून १८ टक्के झाला आहे. कोटेशनमध्ये तोच दर लावला आहे ना, ते बघा आणि पक्के बिल घ्या, कारण टायरची वॉरंटी बिलावरच मिळते.

आता तुमच्या पत्रातील एका मुद्द्याबद्दल, जो मला खरा आणि गंभीर वाटतो. बागेकडे जाणारी पाणंद काळ्या मातीची आहे, पावसाळ्यात गाडीचा तळ टेकतो आणि गेल्या वर्षी दोनदा ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली, असे तुम्ही लिहिले आहे. मोठ्या चाकांनी गाडी उंच होते हे बरोबर आहे, परंतु किती? व्यासातील फरकाच्या निम्मी, म्हणजे ३.६ सेंटीमीटर. हाताच्या दोन बोटांएवढ्या उंचीसाठी सव्वा लाख रुपये जातात. तुमच्या गाडीचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) चौदा वर्षे भार सोसून बसले असणार. गाडी रिकामी असताना सपाट जागी उभी करा आणि मागच्या बंपस्टॉपपासून (पाटा फार दबला तर एक्सल ज्यावर टेकतो त्या रबरापासून) एक्सलपर्यंतचे अंतर मोजून ते मेकॅनिककडून ताडून घ्या. पाटे खरोखर बसले असतील तर ते काढून कमान चढवून घ्यावी किंवा तुटका पाटा बदलावा. त्याने गाडी आपल्या मूळ उंचीवर येते, आरसीत काही बदल होत नाही आणि खर्च काही हजारांत आटोपतो. पाटे, बुश, ब्रेक लायनर आणि अलाइनमेंट या सर्वांसाठी मी १८,००० रुपये बाजूला काढायला सांगेन. आणि चिखलात धरून ठेवण्याचे काम टायरच्या उंचीपेक्षा त्याची नक्षी करते, म्हणून मागचे दोन टायर खोल, मोठ्या बटणांच्या नक्षीचे घ्यावेत.

पाणंदीचा इलाज पाणंदीवरच करावा, असेही मला मनापासून वाटते. गाडी रुतते ती जागा साधारण चाळीस-पन्नास फुटांची असल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्या रस्त्यावर आणखी चार-पाच बागायतदारांची ये-जा असेल. प्रत्येकाने दोन-दोन खेपा मुरूम टाकला आणि बाजूला चर काढला, तर पाचही घरांच्या गाड्या सुटतील. शासनाच्या शेत व पाणंद रस्ते योजनेत तुमची पाणंद बसते का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करा. लेखी अर्ज सगळ्यांनी मिळून दिला तर त्याला वजन येते.

एक मधला पर्यायही तपासून पाहिला. सध्याच्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ टायर बसवला तर व्यास ७३३ मिलिमीटर होतो, वाढ सव्वाचार टक्के आणि उंची दीड सेंटीमीटर मिळते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या पट्टीवर उत्पादकाने हे माप दिलेले असेल, तरच याचा विचार करावा. तसे नसेल तर दीड सेंटीमीटरसाठी कायद्याची आणि विम्याची कटकट पत्करू नये.

चिरंजीवांविषयी दोन शब्द. आयटीआय करून आलेला मुलगा घरच्या गाडीत मन घालतो आहे, ही मला तुमच्या पत्रातली सर्वांत चांगली बातमी वाटली आणि त्याला नुसते "नको" म्हणून गप्प करू नये. पाचही लोखंडी डिस्क घासून, गंज काढून, पावडर कोटिंग करून घेण्याचे काम त्याच्यावर सोपवा. गाडीला टापटीप येते, डिस्कचे आयुष्य वाढते आणि खर्च मॅग व्हीलच्या तुलनेत किरकोळ आहे. टायर खरेदीही त्यालाच करू द्या आणि त्याला दोन आकडे वाचायला शिकवा. पहिला म्हणजे बगलेवरच्या चौकटीतला चार अंकी आकडा. २३२५ असेल तर तो टायर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि वर्षभराहून जुना माल असेल तर परत ठेवावा. दुसरा भार निर्देशांक. तुमच्याच मापात प्रवासी गाडीचा टायरही मिळतो. त्याचा निर्देशांक १०० असेल तर तो ८०० किलोच पेलतो आणि तुमच्या मागच्या चाकाला कमी पडतो. १०६ चा टायर ९५० किलो पेलतो. तुम्हाला तसला मालवाहू टायर हवा.

आता पैशांची मांडणी. टायरचे २७,२०० आणि दुरुस्तीचे १८,००० मिळून ४५,२०० रुपये होतात. तुमच्या बचत खात्यात ६०,००० रुपये आहेत, त्यातून हा खर्च करा आणि कोणतेही कर्ज काढू नका. बेदाण्याची पट्टी आली की आधी सोसायटीचे २,६०,००० भरा, पावती घ्या, आणि त्यानंतर बचत खात्यातली तूट भरून काढा. पतसंस्थेचा ५,०४० रुपयांचा हप्ता भरण्याची तुमची तयारी होतीच. त्यापैकी फक्त ३,००० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाका. साडेसहा टक्क्यांनी तीन वर्षांत १,१९,००० रुपयांच्या आसपास जमतील आणि ती तुमच्या पुढच्या पिकअपची सुरुवातीची रक्कम होईल. मालवाहू गाड्यांवरील करही त्याच २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तसेच जुनी गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढून प्रमाणपत्र घेतले तर नव्या मालवाहू गाडीच्या मोटार वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. त्यामुळे तीन वर्षांनी गाडी बदलण्याचा विचार आतापासून धरणे शहाणपणाचे आहे.

ही आवर्ती ठेव बँकेत करा. अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून पतसंस्थेत करू नका. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकलेली माणसे मी माझ्या कार्यालयात रडताना पाहिली आहेत, म्हणून हे आग्रहाने लिहितो.

राहिला इसाराचा प्रश्न. दिलेले ५,००० रुपये बुडतील म्हणून सौदा पुरा करावा का, असे तुम्ही विचारले आहे. ते ५,००० तुमच्या हातून गेलेलेच आहेत. ते वाचवण्यासाठी आणखी एक लाख घालण्यात काहीच हशील नाही. पण मला वाटते, ते बुडणारही नाहीत. उद्या चिरंजीवांना बरोबर घेऊन दुकानात जा, मालकांना शांतपणे सांगा की मॅग व्हील नको आहेत, त्याऐवजी आरसीच्या मापाचे चार मालवाहू टायर इथूनच घेतो आणि इसार त्या बिलात धरा. चालू गिऱ्हाईक आणि २७,००० रुपयांची विक्री कोणी सहसा सोडत नाही. त्यांनी नाहीच ऐकले, तर ५,००० सोडून द्या आणि टायर दुसऱ्या दुकानातून घ्या, पण पुढच्या दोन टायरवर आता एकही भरलेली फेरी करू नका.